कोणत्या गल्लीचं हवामान

जालन्याचं हवामान कसं आहे, असं बाहेरगावच्या कुणी विचारलं की मी अजूनही अडखळतो. ‘उष्ण आणि कोरडं’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं. पण शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात, स्टाफरूममध्ये चहा पिताना, मी ते शेख मॅडमसमोर बोलून बसलो. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “कोणत्या गल्लीचं?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “जुन्या जालन्यात दगडी भिंतीच्या घरात दुपारी झोप लागते. तिकडं कारखान्यांच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत माणूस आत बसू शकत न्हाई, लिंबाखाली येऊन बसतो. दोन्ही जालनाच हाये. मंग तुम्ही कोणतं सांगून राह्यले?”

मी केदारखेड्याचा. पूर्णेच्या काठावर वाढलेला, शेतकऱ्याच्या घरातला, तेव्हा ऊन आणि पाऊस आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं. मराठीचा शिक्षक म्हणून आलो होतो आणि भूगोलाच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं वाक्य दुरुस्त केलं होतं. मला राग आला. पुढे अठरा वर्षं आम्ही एका शाळेत काढली, आणि असा राग त्यांच्यावर न आलेला माणूस त्या शाळेत मला भेटला नाही.

नसरीन शेख. ठेंगण्या, सडपातळ, चालणं मात्र इतकं झपाझप की बरोबरच्या माणसाला अर्धं पळावं लागे. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कापडी बूट, आणि साडीचा पदर कमरेला खोचलेला. माहेर हसनाबादचं. वडिलांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरी उर्दू, शाळा मराठी, आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ. एकदा एका पालकाने त्यांना विचारलं की मॅडम, तुम्ही उर्दू शाळेत का नाही गेलात नोकरीला. विचारण्यात वाईट हेतू नसावा. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कारण इथली जागा भरायची होती आणि मी पहिली आल्ते.” एवढं बोलून त्या त्याच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकाकडे वळल्या.

वर्गात शिरल्या की आधी भिंतीला तळहात लावायच्या. भिंत किती तापली आहे ते बघायचं आणि मगच हजेरी. तास संपला की खिडकीशी जाऊन हातावरची खडूची पूड झटकायच्या आणि ती कुणीकडे उडते ते बघत उभ्या राहायच्या. वारा कुठला आहे हे त्यांना त्यातून कळे. मुली मागून खुदुखुदु हसायच्या. आणि कुणीही, काहीही बोललं तरी त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: “मोजलं का?” आज फार ऊन आहे, यंदा पाऊस कमी झाला, पूर्वी इतकी थंडी नव्हती. मोजलं का? मुलींनी त्यांचं नावच ‘मोजलंका मॅडम’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि ते आवडतही असावं, कारण त्यावरून त्यांनी कुणाला कधी बोल लावला नाही.

त्यांचे यजमान युसूफभाई सुताराचं काम करत. अत्यंत मवाळ माणूस. मॅडम जितक्या बोलत तितके ते गप्प. त्यांनी बायकोला तापमापक ठेवायला फटींची एक पांढरी लाकडी पेटी करून दिली होती. हवा खेळेल पण ऊन लागणार नाही अशी. ती पेटी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी होती आणि मॅडम रोज दोनदा तिचं दार उघडून आकडा टिपत. रमजान ऐन उन्हाळ्यात आला त्या वर्षीही दुपारी दोन वाजता त्या मैदान ओलांडून जायच्या. घशात पाण्याचा थेंब नाही, वर आग ओतलेली. मी एकदा म्हटलं की मॅडम, महिनाभर राहू द्या, नाहीतर शिपायाला सांगा. त्या म्हणाल्या, “रोजा माझा हाये, थर्मामीटरचा न्हाई.”

या बाईंना कुणी जालन्याची कीव केलेली खपत नसे, ही गोष्ट मला एका प्रशिक्षणात कळली. शिक्षकांसाठीचा तीन दिवसांचा वर्ग होता तो. शहरातून एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर त्यांनी भेगाळलेल्या जमिनीचा फोटो दाखवला आणि हसत म्हणाले की मराठवाडा म्हणजे दुष्काळ आणि दुष्काळ म्हणजे मराठवाडा, हे समीकरण आपल्याला पाठच आहे. सभागृहातले बरेच जण हसले. आम्ही मराठवाड्यातलेच सगळे, आणि आम्हीच हसलो.

मॅडम उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. समुद्रापासून दूर असलेल्या गावाला समुद्राच्या मापानं मोजायचं आणि मग ते कमी पडलं म्हणून हळहळायचं, हा कुठला भूगोल, असं त्यांनी विचारलं. अरबी समुद्राचे ढग घाटावर रिकामे होतात, बंगालच्या उपसागराचे विदर्भात. आपल्यापर्यंत येतात ते उरलेले. तेवढ्यावर इथली माणसं शेकडो वर्षं ज्वारी, तूर आणि कापूस काढत आली, विहिरी आणि तलाव बांधत आली. तो फोटो मे महिन्याचा आहे, काळी माती मे महिन्यात भेगाळतेच, भेगाळली नाही तर पहिलं पाणी तिच्या पोटात शिरणार कसं?

“गाव आतल्या भागात हाये, हा काय गावाचा गुन्हा हाये का सर?” त्या म्हणाल्या. “जे हाये ते शिकवा ना. रडून कशाला शिकवता?”

तज्ज्ञांनी चांगला मुद्दा आहे म्हणून विषय पुढे नेला. जेवणाच्या सुट्टीत कुणी मॅडमच्या शेजारी बसायला तयार नव्हतं. मी बसलो, पण उशिरा, आणि इकडे तिकडे बघून.

नववीच्या मुलींकडून त्यांनी शहराचा नकाशा करून घेतला ते याच्यानंतरच्या वर्षी. एप्रिलमधला एक आठवडा. प्रत्येक मुलीने आपल्या घरात, दुपारी दोन वाजता, जमिनीपासून ठरावीक उंचीवर तापमापक धरायचा आणि आकडा लिहून आणायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतले, ओळखीच्यांकडून मागून आणलेले, जमतील तेवढे तापमापक त्यांनी गोळा केले होते. ज्या मुलींना मिळाले नाहीत त्या मैत्रिणीकडून घेऊन दुसऱ्या आठवड्यात मोजणार होत्या. मग भिंतीएवढ्या कागदावर कुंडलिका नदी काढली, अलीकडे नवीन जालना, पलीकडे जुना जालना, मोती तलाव, रेल्वेचा रूळ, कारखान्यांची बाजू, आणि घराघराच्या जागी रंगीत टिकल्या. निळ्या, पिवळ्या, लाल. मी जन्मभर ज्याला एक शहर समजत होतो त्याचे तुकडे त्या कागदावर पडले. चुन्याच्या जुन्या घरांत निळं, तलावाच्या काठच्या चिंचेखाली निळं, सिमेंटच्या नव्या कॉलन्यांत पिवळं, आणि भट्ट्यांच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत लालच लाल.

त्यात एक टिकली अंजुमची होती. अंजुमचे वडील लोखंडाच्या भट्टीवर कामाला होते, आणि तिच्या घराचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी वर होता. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी नकाशाचं कौतुक केलं आणि नेमकं त्याच टिकलीवर बोट ठेवलं. म्हणाले, हा आकडा चुकला आहे, घरात इतकं तापमान असू शकत नाही, दुरुस्त करून घ्या. अंजुम समोरच उभी होती. तिचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या की सर, आता पावणेदोन वाजलेत, मुलीचं घर जवळ आहे, आपण जाऊन बघू. साहेबांना पुढच्या शाळेत जायचं होतं. मग दुरुस्त करता येणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. साहेब गेल्यावर त्यांनी त्या टिकलीखाली अंजुमचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या गल्लीचं नाव लिहिलं, आणि खाली स्वतःची सही केली. नकाशा भिंतीवर होता तोवर ती सही होती.

आता जे सांगायचं आहे ते माझ्यासाठी सोपं नाही.

शाळेत मुली वाढल्या आणि मागच्या अंगाला दोन नव्या खोल्या बांधल्या गेल्या. विटांच्या भिंती, वर पत्रा. नववीचा वर्ग तिथे हलवला. फेब्रुवारीपर्यंत ठीक होतं. मार्चमध्ये पत्रा बोलायला लागला, म्हणजे तापून टण्‌ टण्‌ वाजायला लागला. एका दुपारी दोन मुलींना घेरी आली. त्या दिवसापासून मॅडमनी दुपारचे आपले तास मैदानातल्या लिंबाखाली घ्यायला सुरुवात केली. मुख्याध्यापकांनी आधी तोंडी सांगितलं की असं चालणार नाही, शिस्त बिघडते, बाकीच्या वर्गांचं लक्ष जातं. मॅडम बाहेरच शिकवत राहिल्या. मग लेखी मेमो आला: परवानगीशिवाय वर्ग बाहेर का नेला, खुलासा करावा.

मॅडमनी खुलासा केला. एका कागदावर तारखा, वेळ, खोलीतलं तापमान, लिंबाखालचं तापमान. चौदा ओळी. शेवटी एक वाक्य: ‘यापैकी कोणत्या जागी आपण स्वतः बसाल, तिथे मी वर्ग घेईन.’

प्रकरण संस्थेपर्यंत गेलं. मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते, पण त्यांच्यावर वरून दाब होता, आणि खोल्यांचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं होतं. त्यांनी एक निवेदन तयार केलं, की नव्या खोल्या अध्यापनास योग्य आहेत आणि कुणाही शिक्षकाची तक्रार नाही. तो कागद स्टाफरूममध्ये फिरला. एकेकाने सह्या केल्या. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी लहान मूल होतं. ही कारणं आज लिहितानाही मला पुरेशी वाटत नाहीत. मीही सही केली.

मॅडमनी तो कागद पाहिला असणार, कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “सही लई वळणदार करता तुम्ही, जाधव सर.” मग बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे धरला. मी एक घेतलं. त्यांनी हा विषय नंतर कधीच काढला नाही, आणि म्हणून मी तो विसरू शकलो नाही.

संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. म्हातारे, करारी, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातले. त्यांनी मॅडमना सगळ्यांसमोर सुनावलं की आम्ही झाडाखाली शिकलो नाही का, पत्र्याखाली शिकलो नाही का, आजच्या लोकांना सगळं मऊ पाहिजे. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की साहेब, माझा नववीचा तास आता सुरू होतोय, आज मी आतच घेते, तुम्ही बसा.

अध्यक्ष बसले. माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, पत्र्याच्या बरोबर खाली. मॅडमनी त्या दिवशी खारे वारे आणि मतलई वारे शिकवले. समुद्रकिनाऱ्यावर दुपारी पाण्याकडून जमिनीकडे गार वारा येतो हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, आणि आपल्याकडे तो का येत नाही हेही. मी व्हरांड्यातून बघत होतो. पंधरा मिनिटांत अध्यक्षांनी टोपी काढली. पंचवीस मिनिटांत गळ्याचं बटण काढलं. पण ते उठले नाहीत, पूर्ण तास बसले. बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता. मुख्याध्यापकांनी पाण्याचा पेला पुढे केला. ते पाणी प्यायले आणि म्हणाले की छताचं पुढच्या वर्षी बघू, यंदा तरतूद नाही. आणि या बाईंच्या सेवापुस्तकात शेरा मारा, वरिष्ठांचा आदेश न पाळल्याचा.

मॅडम तिथेच उभ्या होत्या.

“मारा ना शेरा,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्या बाजूला त्या दिवशीचं तापमान बी लिहा. नुसता शेरा वाचून पुढच्या माणसाला काय कळणार?”

शेरा मारला गेला. तापमान लिहिलं गेलं नाही. पण पुढच्या रविवारी मॅडमनी पालकांना बोलावलं. खेड्यांतून येणाऱ्या मुलींच्या आया तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, मोळ्या घेऊन आल्या, युसूफभाई दोरी आणि बांबू घेऊन आले, आणि दिवसभरात दोन्ही खोल्यांच्या पत्र्यावर तुराट्यांचा हातभर थर चढला. कुणाची परवानगी विचारलेली नव्हती. मीही गेलो होतो. मोळ्या वर देत होतो. मॅडमनी मला पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की तिकडचा कोपरा उघडा राह्यला, तिकडं द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत जाऊन भिंतीला तळहात लावला, आकडा घेतला, आणि नववीचा वर्ग आत नेला. छत खरंच झालं ते तीन वर्षांनी.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. ऐकून घेत नसत. एखाद्याशी बिनसलं की वर्ष वर्ष बोलत नसत. एका नव्या शिक्षिकेला त्यांनी मुलींसमोर चुकीच्या नकाशावरून असं फटकारलं की ती रडत घरी गेली, आणि मॅडमनी तिची माफी मागितली नाही. आणि त्या चुकतही. ओढ्याच्या प्रकरणात तर सगळ्या गावादेखत चुकल्या.

आमच्या शाळेच्या मागून एक ओढा जातो. एरवी कोरडा. त्याच्यावर बुटका फरशी पूल आहे, निम्म्या मुलींची घरं पलीकडे. एका सप्टेंबरमध्ये, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी, मॅडमना वरच्या अंगाच्या गावातून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला की इकडे टेकड्यांवर ढगफुटीसारखा पाऊस चालू आहे. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. मॅडमनी मुख्याध्यापकांना सांगितलं की पलीकडच्या मुलींना सोडू नका, पाणी तासाभरात कधीही येईल. मुख्याध्यापक आभाळाकडे बघून हसले. मॅडमनी मागच्या फाटकाला आतून कुलूप लावलं आणि किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या.

मुली अडकल्या. पालक आले. आरडाओरडा झाला. दोन तास त्यांनी कुणाला जाऊ दिलं नाही. आणि ओढ्याला पाणी आलं ते घोट्याएवढं. पोरं त्यात खेळत होती.

दुसऱ्या दिवशी मेमो, स्थानिक पेपरात टिंगलीची बातमी, पालकांची सभा. एक जण म्हणाला की बाईला जादूटोणा येतो वाटतं. मॅडम सभेत उभ्या राहून म्हणाल्या की माझा अंदाज चुकला, पाऊस पडला ती टेकडी दुसऱ्या ओढ्याची निघाली, ते मी आता नकाशावर तपासलं आहे, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा. सगळे जरा निवळले. मग त्या म्हणाल्या, “पण परत तसा निरोप आला तर मी परत कुलूप लावणार. चुकले तर परत माफी मागीन.”

सभेत पुन्हा गोंधळ. मुख्याध्यापकांनी फाटकाची किल्ली स्वतःकडे घेतली.

निरोप परत आला, पुढच्याच पावसाळ्यात. पुन्हा शाळा सुटायची वेळ, पुन्हा आमच्या डोक्यावर ऊन. या वेळी मॅडमनी आधी नकाशा उघडला, टेकडी शोधली, बोटाने ओढा खाली उतरवत आणला आणि तो आमच्याच पुलावर येऊन थांबला. किल्ली त्यांच्याकडे नव्हती. त्या फाटकातून बाहेर पडून थेट पुलाच्या तोंडाशी गेल्या. जाताना स्टाफरूमच्या दारातून मला म्हणाल्या, “जाधव सर, एक बाक उचलायला लागंल.”

मी उचलला. शिपाई रंगनाथमामांनी दुसरं टोक धरलं. बाक पुलाच्या तोंडाशी आडवा टाकला आणि मॅडम त्यावर बसल्या. मुली मागे उभ्या. गेल्या वर्षीची आठवण सगळ्यांना होती. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलं.

एक पालक पलीकडून मोटारसायकलवर येऊन मुलीला घेऊन परत निघाला होता. त्याने बाक बाजूला करायला सांगितलं. मॅडम उठल्या नाहीत. तो चिडला, नको नको ते बोलला, त्यांच्या जातीधर्मावर गेला. मी पुढे सरकलो तर मॅडमनी मला हाताने मागे केलं. मग त्याला म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या हातात घड्याळ हाये. वीस मिनिटं मोजा. न्हाई आलं पाणी तर मी बाक उचलते, आणि उद्या तुमच्या दारात येऊन माफी मागते. वीस मिनिटं.”

त्याने गाडी बंद केली. थांबला तो मॅडमवरच्या विश्वासामुळे थांबला नाही. त्यांची फजिती बघायला थांबला. दहा मिनिटं गेली. ओढ्यात एक शेळी चरत होती. तिला एका बाईने हाकललं. पंधरा मिनिटं गेली. मी मॅडमकडे बघितलं, त्यांचे ओठ हलत होते. दुआ म्हणत होत्या की मिनिटं मोजत होत्या, मला माहीत नाही.

आधी आवाज आला. लांबून ट्रक येतो तसा. मग वळणावर मातकट पाण्याची भिंत दिसली, कमरेएवढी, तिच्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या, कडब्याच्या पेंढ्या, एक निळा ड्रम. बघता बघता पूल दिसेनासा झाला. बाकाचे पुढचे पाय पाण्यात होते. मॅडम उठून मागे आल्या.

तो माणूस गाडीवरून उतरला. मुलीचा हात त्याने घट्ट धरला होता आणि पाणी उतरेपर्यंत, संध्याकाळचे दोन तास, तो शाळेच्या पायरीवर तसाच हात धरून बसला. पेपरात बातमी आली ती मुख्याध्यापकांच्या प्रसंगावधानाची. मॅडमना त्याचं वाईट वाटलं, त्यांनी ते लपवलं नाही. म्हणाल्या की मागच्या वेळी नाव बराबर छापलं होतं माझं.

त्या निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्यांना ‘शिस्तप्रिय’ म्हटलं, ते ऐकून त्या मोठ्याने हसल्या. मुलगा पुण्याला. तिकडे या, इथल्या उन्हात का राहता, असं त्याचं चाललेलं असे. छातीचं दुखणं सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती. त्या गेल्या नाहीत. यंदा फेब्रुवारीत, राहत्या घरी, जालन्यातच त्या वारल्या.

त्याच्या आधीच्या सप्टेंबरात त्यांचा मला फोन आला. तुमची गाडी घेऊन या, धावड्याला जायचंय. कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या की आयुष्यभर जलविभाजक शिकवला, पोरींना नकाशावर रेघ काढायला लावली, आणि स्वतः एकदा बी बघितला न्हाई. कुणी विचारलं, मॅडम तुम्ही पाह्यलाय का, तर मी काय सांगणार होते?

आम्ही सकाळी निघालो. युसूफभाई मागे बसले होते. राजूर, माझं केदारखेडा, भोकरदन, आणि मग उत्तरेकडे अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागले. धावड्याच्या पुढे गाडी जाईल तिथवर नेली. वर डोंगराची धार होती. तिच्या अलीकडे पडलेलं पाणी पूर्णेत उतरतं, तिथून गोदावरीत, बंगालच्या उपसागराला जातं. पलीकडे पडलेलं तापीला मिळून अरबी समुद्राकडे. मॅडम हे सांगत सांगतच चढायला लागल्या. दहा पावलं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. युसूफभाई खालूनच म्हणत होते की नसरीन, बस झालं. त्यांचा इतका मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गुरं राखणारा एक म्हातारा वाटेत भेटला. तो म्हणाला, बाई, वर काही नाही, देऊळ नाही, दर्गा नाही, कशाला जीव काढता. मॅडम धापा टाकत म्हणाल्या, “म्हणूनच चालले, बाबा.”

शेवटचा चढ त्यांनी मला बरोबर येऊ दिलं नाही. इथे थांबा म्हणाल्या आणि एकट्या गेल्या. मी आणि युसूफभाई खाली उभे. धारेवर पोहोचल्या तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकून उभ्या होत्या, आणि मला वाटलं की आता पडतात. मग सरळ झाल्या. वारा जबरदस्त होता, साडी एका बाजूला ताणली गेली होती. पलीकडून काळं आभाळ चढत येत होतं आणि पावसाचे पहिले टपोरे थेंब पडायला लागले होते. त्या एकदा तिकडच्या उतारावर बघत होत्या, एकदा आमच्याकडच्या.

युसूफभाईंनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली, जल्दी आओ, भीगोगी. मीही ओरडलो की मॅडम, चला आता, पाऊस वाढतोय.

त्यांनी मागे न बघता हात वर केला, थांबा असा. आम्ही थांबलो.